गिम्पला फोटोशॉपचं सोंग

गिम्प हे फोटो-संपादनाचं सॉफ्टवेअर फुकट मिळतं. त्याचा सोर्स कोड उघडा आहे. त्याच्या खिडक्या, पट्ट्या, चिन्हं, रंग, कीबोर्डच्या कळा, सगळं आपल्या सोयीने हलवायची पूर्ण मुभा आहे. ती कुणाकडे मागावी लागत नाही आणि तिचं दरमहा भाडंही भरावं लागत नाही. एवढं स्वातंत्र्य फुकटात पदरात पडल्यावर आमचे हौशी लोक काय करतात? गिम्प फोटोशॉपसारखं दिसावं म्हणून रात्री जागवतात. सुरू होताना निळा पडदा, मग काळीभोर पाटी, डावीकडे एका रांगेत बारीक चिन्हं, उजवीकडे लेयरची चळत. झालं की स्क्रीनशॉट काढून मित्रांना पाठवायचा, ‘ओळख बघू हे काय आहे!’ समोरच्याला ओळखू आलं नाही की यांचा जीव थंड. रात्रभरात एकाही फोटोला हात लागलेला नसतो.

मी फोटोंचं काम शिकवतो आणि पोटापाण्यासाठी करतोही. लग्नाचे अल्बम, पुस्तकांची मुखपृष्ठं, आणि हंगाम असेल तेव्हा वाढदिवसाचे फ्लेक्स. गल्लीतल्या युवा नेत्याच्या एका फ्लेक्सवर मधोमध हात जोडलेले साहेब, वर गोलांमध्ये दिल्ली-मुंबईचे नेते, आणि खाली शुभेच्छुकांची मुंडकी दाटीवाटीने. प्रत्येक मुंडकं निराळ्या मोबाइलने, निराळ्या उजेडात काढलेलं, आणि प्रत्येकाचं बॅकग्राउंड काढायचं असतं. हे काम ज्याने मन लावून केलं आहे त्याला विचारा, तुझ्या सॉफ्टवेअरची पाटी कुठल्या रंगाची आहे? त्याला सांगता येणार नाही. त्याला कळा पाठ असतात.

सोंगाचं हे वेड आजचं नाही. २००५ साली स्कॉट मोशेला नावाच्या गृहस्थांनी गिम्पचे मेनू फोटोशॉपच्या क्रमाने आणि फोटोशॉपच्या नावांनी लावून ‘गिम्पशॉप’ काढलं. हेतू चांगला होता, लोकांना आवडलंही. पण मूळ गिम्प पुढे सरकत राहिलं आणि हे मागे पडलं. वर त्या नावाचं संकेतस्थळ भलत्याच माणसाच्या हाती गेलं आणि तिथून जाहिरातींची घाण चिकटवलेला इन्स्टॉलर लोकांच्या गळ्यात पडू लागला. ज्याने खपून बनवलं त्याच्या पदरात बदनामी. पुढे ब्राझीलच्या ‘डायोलिनक्स’वाल्यांनी ‘फोटोगिम्प’ आणलं. ते जास्त शहाणं आहे. गिम्पच्या कोडला हात न लावता ते फक्त सेटिंगच्या फाइली बदलतं, आणि फोटोशॉपच्या सवयीच्या कळा गिम्पवर आणून बसवतं. एवढ्यापुरतं मी त्याच्या बाजूने आहे. आधीच्या फाइली बाजूला काढून ठेवा असं सांगितलेलं असतं, ते कुणी वाचत नाही, आणि मग ‘माझे शॉर्टकट कुठे गेले’ म्हणून बोंब ठोकतात, तो दोष अर्थात ब्राझीलचा नाही.

कळांची गोष्ट मी गंभीरपणे घेतो, कारण तिथे खरोखर अडतं. फोटोशॉपमध्ये कंट्रोल-डी दाबलं की सिलेक्शन सुटतं. तीच कळ गिम्पमध्ये अख्ख्या चित्राची दुसरी प्रत उघडते. वर्षानुवर्षं फोटोशॉपवर बसलेला माणूस गिम्पसमोर आला की सवयीने कंट्रोल-डी मारतो, काही सुटलेलं दिसत नाही, पुन्हा मारतो, पुन्हा मारतो, आणि थोड्या वेळाने एकाच नववधूच्या प्रतींनी पडदा भरून जातो. गिम्पमध्ये सिलेक्शन सोडायला कंट्रोल-शिफ्ट-ए लागतं. बोटांना वळण पडलेलं असेल तर ही कळ बदलून घ्यावी, त्यात लाज कसली? संपादनाच्या मेनूत कीबोर्ड शॉर्टकटचा तक्ता आहे, दोन मिनिटांचं काम. पण कळ बदलणं वेगळं आणि कातडं बदलणं वेगळं. कळ हाताच्या सोयीसाठी बदलतो. कातडं बदलतो ते बघणाऱ्यासाठी, आणि बहुतेक वेळा बघणारा कुणी नसतोच.

गेल्या पावसाळ्यात एक मुलगा लॅपटॉप घेऊन माझ्याकडे आला. गिम्पची तीन नंबरची नवी आवृत्ती, वर फोटोशॉपचा साज चढवलेला, अगदी सुरू होतानाच्या चित्रासकट.

“सर, लेयर स्टाइल उघडत नाही. खराब झालंय बहुतेक.”

लेयरच्या नावावर डबल क्लिक करत होता. फोटोशॉपमध्ये नावाच्या बाजूला डबल क्लिक केलं की लेयर स्टाइलची खिडकी येते. इथे नाव बदलायची चौकट उघडत होती. तो ती बंद करायचा आणि पुन्हा डबल क्लिक मारायचा.

“काय करायचंय तुला?”

“अक्षरांना सावली.”

त्याला फिल्टर मेनूतून लाइट अँड शॅडो आणि त्यातलं ड्रॉप शॅडो दाखवलं. सावली पडली. मग लेयरच्या ओळीत उमटलेलं एफएक्सचं चिन्ह दाखवलं, त्यावर क्लिक करून तीच सावली पुन्हा उघडली, लांब केली, फिकी केली, बंद केली, परत चालू केली. पोरगं थक्क. “हे परत बदलता येतं?” अरे बाबा, याच्यासाठीच तर माणसं वर्षानुवर्षं थांबली होती! मार्च २०२५ मध्ये ३.० आली ती याच सोयीसाठी गाजली. फिल्टर लावला तरी मूळ चित्र शाबूत राहतं, फिल्टर मागाहून सुधारता येतो. त्याच्या लॅपटॉपवर ही गोष्ट महिनोन्‌महिने पडून होती. पण तो गिम्पमध्ये फोटोशॉपची खिडकी शोधत बसला, म्हणून गिम्पचं दार त्याला दिसलंच नाही.

सोंगाची खरी किंमत इथे मोजावी लागते. बाहेरून फोटोशॉप दिसतं, म्हणून माणूस आतही फोटोशॉपच धरून चालतो. गिम्पमध्ये प्रत्येक लेयरला स्वतःची हद्द असते, पिवळ्या तुटक रेषेने दाखवलेली, आणि हद्दीबाहेर ब्रश सहसा रंग टाकत नाही. हे ज्याला ठाऊक नाही तो ब्रश बिघडला म्हणून कपाळ बडवतो. फोटोशॉपसारखा थेट सीएमवायकेमध्ये बसून काम करायचा मोड गिम्पला आजही नाही. ३.० मध्ये छपाईचा रंग आधी पडद्यावर अजमावता येतो आणि फाइल सीएमवायकेत बाहेर काढता येते, पण मधलं सगळं काम आरजीबीत. कव्हर छापायला देणाऱ्याला हे आधी माहीत हवं. काळी थीम लावून ते कळत नाही.

सगळी सोंगं आणता येतात, पैशाचं सोंग आणता येत नाही, असं आपल्याकडे म्हणतात. कसबाचंही आणता येत नाही. पण आमच्या तीन महिन्यांच्या डीटीपी क्लासांनी नेमकं तेच सोंग शिकवलं आहे. लेव्हल म्हणजे काय, मास्क का लावायचा, कडा कुठे मऊ ठेवायची, हे कुणी सांगत नाही. ‘इथे क्लिक, मग इथे क्लिक, मग ओके.’ तेही कुठल्या तरी चोरीच्या सीडीवरून उतरवलेल्या, अपडेट केलं की मरणाऱ्या फोटोशॉपवर. असा शिकलेला माणूस बटणाची जागा हलली की आंधळा होतो. त्याला बटण जुन्या जागी हवं असतं, कारण बटणापलीकडचं त्याला काही दिलेलंच नाही. मग कायदेशीर, फुकट, उत्तम सॉफ्टवेअर हातात दिलं तरी तो आधी त्याला चोरलेल्या मालासारखं सजवतो.

आता त्या काळ्या रंगाबद्दल. ‘प्रो’ दिसायचं म्हणजे काळं, अशी एक अंधश्रद्धा सगळीकडे पसरली आहे. फोटोशॉपनेच २०१२ साली सीएस६ मध्ये गडद पाटी मूळ म्हणून दिली. तेव्हा तिथेही आरडाओरडा झाला होता, आणि त्यांनी शहाणपणाने चार छटांची निवड ठेवली होती. गिम्पने २०१८ च्या २.१० मध्ये गडद थीम मूळ केली. काळी पाटी रात्री डोळ्यांना बरी वाटते, मान्य. पण फोटोच्या भोवती काळं असलं की फोटो आहे त्यापेक्षा उजळ भासतो. डोळा शेजारच्या रंगावरून उजेड ठरवतो, हे चित्रकलेच्या पहिल्या वर्षाला शिकवतात. ऑपरेटर तो खोटा उजेड खाली ओढतो, त्याच्या पडद्यावर सगळं झकास दिसतं, आणि पांढऱ्या कागदावर छापून आलं की नवरदेवाचा कोट आणि मागचा पडदा एकच काळा गोळा. मग शिव्या प्रिंटरवाल्याला. असे अल्बम माझ्याकडे दुरुस्तीला येतात, आणि आणणाऱ्याचा लॅपटॉप उघडला की पाटी बहुतेक काळीच असते. छपाईच्या रंगतपासणीच्या टेबलाभोवती करडा रंग ठेवायची रीत उगाच पडलेली नाही. गिम्पच्या नव्या आवृत्तीत मध्यम करड्या रंगाची थीम या कारणासाठीच दिली आहे. डार्कटेबल हे फोटोंचं दुसरं मुक्त सॉफ्टवेअर मुळातच करडं येतं. म्हणजे काम जाणणाऱ्यांनी करडा रंग ताटात वाढून ठेवला आहे, आणि आमचे वीर काळ्याहून काळं कुठे मिळतं ते शोधत फिरतात.

हौशींना एवढं बोलल्यावर बनवणाऱ्यांना सोडलं तर तो पक्षपात होईल.

गिम्प १९९५ साली बर्कलीच्या दोन विद्यार्थ्यांनी, स्पेन्सर किंबॉल आणि पीटर मॅटिस यांनी सुरू केलं. खिडक्या-बटणांसाठी तेव्हा मोटिफ नावाचा विकाऊ संच वापरावा लागे. तो आवडेना, म्हणून त्यांनी स्वतःचा बनवला, तोच जीटीके. पुढे नोम हा लिनक्सवरचा अख्खा डेस्कटॉप त्याच्यावर उभा राहिला. आता गंमत बघा. जीटीकेची तिसरी पिढी २०११ ला आली, चौथी २०२० च्या डिसेंबरात. आणि ज्याच्यासाठी जीटीके जन्माला आलं ते गिम्प तिसऱ्या पिढीवर पोचलं २०२५ मध्ये. पोराचं नातवंड शाळेत जायला लागलं आणि बाप अजून मुंजीला बसतोय! कारण सगळ्यांना ठाऊक आहे. मुख्य काम ओढणारी माणसं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी, पैसा जेमतेम. त्याबद्दल मी त्यांना बोल लावणार नाही. लावतो तो दुसऱ्या गोष्टीसाठी. माणसं इतकी थोडी असताना २०१८ ला यांनी साधनांची रंगीत चिन्हं काढून सगळी एकसारखी करडी, चपटी का केली? फॅशन! इरेझर, हील आणि क्लोन एका नजरेत ओळखू येत होते. आता चाळिशी लागलेला माणूस चिन्हाजवळ नाक नेऊन पाहतो. जुनी चिन्हं परत आणता येतात, नाही असं नाही, पण ती प्रेफरन्सेसच्या तळघरात. नवख्याला तळघर असल्याचंच ठाऊक नसतं. त्यात २०२० मध्ये साधनांचे गट केले, म्हणजे एका चिन्हाच्या पोटात तीन साधनं. ज्याला शोधून शोधून हवं ते साधन सापडत नाही तो फोटोशॉपचं सोंग आणणारच, आणि त्याला हसायचा हक्क यांना उरत नाही.

थीम बनवणाऱ्यांचे हालही यांनीच केले. २.१० पर्यंत थीम एका पद्धतीच्या फाइलीत लिहिली जायची, ३.० पासून ती सीएसएसमध्ये लिहावी लागते. जुनी सगळी मेहनत पाण्यात. बदल अटळ होता हे कळतं. पण गोंडस थीमच्या आधारावर आपलं काम बसवणाऱ्याने यातून काय ते समजून घ्यावं.

न्यायाने एक गोष्ट त्यांच्या बाजूची सांगतो. २०१२ च्या २.८ मध्ये ‘सेव्ह’ केलं की फाइल फक्त गिम्पच्या एक्ससीएफमध्येच जाईल आणि जेपीजी हवी तर ‘एक्सपोर्ट’ करा, असा नियम आला. जग खवळलं. वापररचनाकार पीटर सिकिंग यांच्या पुढाकाराने २००६ पासून गिम्पच्या वापरपद्धतीचा जो विचार चालला होता, हा नियम त्याच वळणाचा. मी तेव्हाही त्या नियमाच्या बाजूने होतो, आजही आहे. जेपीजीवर जेपीजी सेव्ह करत लेयर मारून टाकणारे आणि मग ‘साहेबांचा फोटो बदला’ म्हटल्यावर रडणारे ऑपरेटर मी ढिगाने पाहिले आहेत. कामाचा विचार करून घेतलेला निर्णय आणि फॅशनपायी घेतलेला निर्णय यांत फरक असतो, आणि तो गिम्पवाल्यांच्या एकाच घरात दिसतो.

थ्रीडी अ‍ॅनिमेशनच्या ब्लेंडरकडे बघा. तेही मुक्त, त्याच्याही वापराची एके काळी टिंगल व्हायची, उजव्या क्लिकने वस्तू निवडणारं विचित्र सॉफ्टवेअर म्हणून. त्यांनी माया किंवा मॅक्स या विकाऊ सॉफ्टवेअरचं तोंड लावून घेतलं नाही. स्वतः चित्रपट करत गेले, जिथे हात अडला तिथे सॉफ्टवेअर बदलत गेले, आणि २०१९ च्या २.८ मध्ये डावं क्लिक, कामागणिक वेगळी मांडणी, सगळं नीट बसवलं. दुसऱ्या सॉफ्टवेअरच्या कळांची सवय असलेल्यांसाठी वेगळा कळांचा संचही दिला, विषय संपला. ब्लेंडरमध्ये केलेल्या ‘फ्लो’ या अ‍ॅनिमेशनपटाला २०२५ चं ऑस्कर मिळालं. ते देताना पाटीचा रंग कुणी विचारला नसेल.

मग रूप बदलायचंच नाही का? बदला ना, जरूर बदला, पण कामाला बघून. माझं गिम्प दिसायला अगदी दळभद्री आहे. टूलबॉक्सच्या सेटिंगमध्ये प्रत्येक साधनापुढे डोळ्याचं चिन्ह असतं. मला लागतात ती पाथ, फ्री सिलेक्ट, क्लोन, हील, क्रॉप, मजकूर अशी मोजकी साधनं उघडी, बाकीच्यांचे डोळे मिटलेले. गट मोडून टाकले आहेत. चित्राभोवतीच्या रिकाम्या जागेचा रंग करडा. लेयर मास्क जोडायला दिवसभर मेनूत जावं लागू नये म्हणून त्याला एक कळ दिली आहे. टॅब दाबलं की बाजूच्या पट्ट्या गायब, पुन्हा दाबलं की हजर. एखादी आज्ञा आठवली नाही तर तिरकी रेघ दाबून नाव टाकायचं, गिम्प स्वतः शोधून देतं. आणि सगळ्यात कामाची गोष्ट: मांडणी एकदा मनासारखी लागली की ‘आत्ताच्या जागा जतन करा’ दाबून, बाहेर पडताना जागा जतन करण्याची खूण काढून टाकायची. मग दिवसभर पोरांनी पट्ट्या कुठेही ओढोत, सकाळी सगळं जागच्या जागी. याचा स्क्रीनशॉट कुणाला पाठवण्याजोगा नाही. एका फ्लेक्सची मुंडकी मात्र जेवणाच्या सुट्टीआधी कापून होतात.

राहिली एक गोष्ट, तिच्याबद्दल हौशींपैकी कुणी बोलत नाही. फोटोशॉपवर युनिकोड मराठी लिहिताना बरीच वर्षं जोडाक्षरांची हाडं मोडायची. सेटिंगमध्ये दक्षिण आशियाई मजकुराचा पर्याय शोधून लावावा लागे, म्हणून आमचे ऑपरेटर जुन्या फॉन्टांना चिकटून राहिले. गिम्पमध्ये ‘ज्ञानेश्वर’, ‘कर्तृत्व’, ‘राष्ट्र’ चांगल्या युनिकोड फॉन्टमध्ये आपोआप नीट उमटतात, कारण तिथला मजकूर पँगो ही लायब्ररी हाताळते आणि तिला भारतीय लिप्या कळतात. सोंग घेतलेल्यांपैकी किती जणांनी ही जमेची बाजू कधी वापरून पाहिली?

आणि गिम्पच्या प्रेफरन्सेसमध्ये भाषांच्या यादीत मराठीही आहे. लावून बघा. मेनू उघडत गेलात की मराठी ओळींच्या मध्येच इंग्रजी ओळी भेटत राहतात, नव्या आवृत्तीत तर जास्तच. कुणी तरी कधी तरी बसून जेवढं केलं तेवढंच. हे भाषांतर नोमच्या भाषांतर प्रकल्पात होतं. त्याला प्रोग्रामिंग यावं लागत नाही. साध्या मजकुराची फाइल असते, वर इंग्रजी ओळ, खाली मराठीसाठी रिकामी जागा. गिम्पचं रूप बदलण्याची इतकी हौस असेल, तर खेड्यातल्या पोराला मेनू वाचता येईल असा बदल यापरता कुठला? आज रात्री थीम शोधायला बसणार असाल, तर त्याऐवजी ती फाइल उतरवून घ्या आणि फिल्टरच्या मेनूपासून सुरुवात करा. तिथे रिकाम्या जागा भरपूर आहेत.